गेरू हाताला लागू नये म्हणून : खरेदीपासून दुसऱ्या हातापर्यंतची पद्धत

दिवाळीआधी वृंदावनाला लावलेला गेरू तुळशीच्या लग्नापर्यंतही टिकत नाही, कुंडी उचलली की तळवे तांबडे होतात आणि गेरूवर काढलेली रांगोळीची पांढरी रेघ तासाभरात गुलाबी पडते, अशा तक्रारी दरवर्षी ऐकू येतात. दोष बहुतेक वेळा गेरूचा नसतो. गेरू म्हणजे लोहाच्या ऑक्साइडमुळे तांबूस-तपकिरी झालेली, दगडासारखी घट्ट बसलेली माती. तिची पूड पाण्यात कालवून लावली, तर पाणी उडून गेल्यावर भिंतीवर नुसती धूळच उरते. तिला धरून ठेवणारे काहीतरी, म्हणजे बाइंडर, बाहेरून द्यावे लागते, आणि काय द्यायचे हे ती कशावर लावायची त्यावरून ठरते. बहुतेकांचे काम मात्र बादलीत पूड ओतण्यापासून सुरू होते, आणि पृष्ठभागाचा विचार रंग निघू लागल्यावर होतो.

पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत. पूर्वतयारीला दोन-तीन दिवस लागतात आणि प्रत्यक्ष रंगवण्याला अर्धा दिवस पुरतो, हे गृहीत धरून सणाआधी पुरेसा वेळ हाताशी ठेवावा.

टप्पा १ : कशावर लावायचा, हे आधी ठरवणे

शेणाने सारवलेली जमीन आणि मातीची भिंत गेरूला सर्वांत सहज स्वीकारतात, कारण त्या खडबडीत असतात, पाणी शोषतात आणि शेणातील तंतूंमुळे पुडीला आधार मिळतो. येथे डिंक किंवा पिठाची खळ पुरेशी होते. भाजलेल्या मातीच्या कुंड्याही पाणी शोषतात, परंतु त्यांना रोज आतून ओल मिळत असल्याने पाण्यात विरघळणारा डिंक तेथे चालत नाही. सिमेंटचे वृंदावन, अंगणातील ओटा, कुंपणाची भिंत अशा पावसाचे आणि रोजच्या पाण्याचे मारे खाणाऱ्या जागांना अ‍ॅक्रिलिक बाइंडर किंवा चुना लागतो. चुन्याचा गिलावा असलेल्या जुन्या भिंतीला चुनाच द्यावा. तिच्यावर प्लास्टिकसारखा थर देणारे काहीही लावले, तर आतली ओल अडकते आणि गिलाव्यासकट पोपडे सुटतात. लाकडी दारे-खांब यांना गेरू जवसाच्या तेलात, म्हणजे रंगारी ज्याला बेल तेल म्हणतात त्यात, घोटून लावतात.

चकचकीत टाइल्स, ऑइलपेंट दिलेला पृष्ठभाग आणि पुट्टीवरचा धुता येणारा रंग यांच्यावर गेरू लावू नये. तो तेथे धरत नाही, आणि धरला असे वाटले तरी पहिल्या ओल्या फडक्याबरोबर निघून येतो.

*सावधान :* संगमरवर, शहाबादी फरशी आणि टाइल्समधील पांढरे सांधे यांच्यात गेरूचे बारीक कण शिरले की ते साबणाने निघत नाहीत. सोसायटीच्या जिन्यात किंवा भाड्याच्या घराच्या उंबऱ्याशी रांगोळीसाठी गेरूची पार्श्वभूमी हवी असेल, तर तो प्लायवूडच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या पाटीवर लावून ती पाटी जमिनीवर ठेवावी.

टप्पा २ : दुकानात नावापेक्षा माल तपासणे

या तांबड्या मातीला मराठीत एकाहून अधिक नावे आहेत आणि दुकानदार ती एकमेकांच्या जागी वापरतात, त्यामुळे नावांचा उलगडा खरेदीपुरता तरी करून घ्यावा. ‘गेरू’ हा संस्कृत ‘गैरिक’चा उत्तराधिकारी; गैरिक म्हणजे गिरीतले, डोंगरातून मिळणारे. (गव्हावर पडणाऱ्या तांबेऱ्याला ‘गेरवा’ म्हणतात ते याच रंगावरून.) कोकणात आणि गोव्यात याच मातीला ‘काव’ म्हणतात; त्या भागातील दुकानात गेरू मागितला काय किंवा काव मागितली काय, पुडा बहुधा एकच समोर येतो. ‘हुरमुंज’ हे नाव इराणच्या आखातातील होर्मुझ बेटावरून आलेले आहे. त्या बेटावर तांबडी माती विपुल आहे आणि तिचा व्यापार सागरी मार्गाने होत असे. आज हुरमुंज म्हणून जे मिळते ते होर्मुझचे असेलच असे नाही. साधारण गेरूपेक्षा गडद आणि किंचित जांभळट झाक असलेली पूड त्या नावाने विकली जाते, एवढेच समजावे.

दोन नावांबाबत मात्र गल्लत करू नये. ‘सोनकाव’ म्हणजे आयुर्वेदातील सुवर्णगैरिक. ती मऊ आणि महाग असते, काष्ठौषधींच्या दुकानात मिळते आणि भिंतीवर वाया घालवण्याची वस्तू नव्हे. उलट भिंतीसाठीचा गेरू चेहऱ्याला लावू नये किंवा पोटात घेऊ नये, कारण त्यात काय मिसळले आहे याची खात्री कोणी देत नाही. दुसरे नाव ‘शेंदूर’. तो नारिंगी-तांबडा असतो आणि पारंपरिक शेंदूर शिशाचा, म्हणून विषारी असतो. गेरूचा रंग ‘उठावदार’ करण्यासाठी त्यात शेंदूर मिसळण्याचा सल्ला कोणी दिला तर तो सरळ बाजूला ठेवावा, विशेषतः मुलांचे हात लागणाऱ्या जागी.

शक्य असेल तर पुडीपेक्षा ढेकळे घ्यावीत. ढेकळात भेसळ करणे अवघड असते आणि त्याची परीक्षा दुकानातच होते. कोणत्याही खडबडीत, बिनचकाकीच्या कौलाच्या किंवा लादीच्या तुकड्यावर ते ओढावे; स्वच्छ तांबूस-तपकिरी रेघ उमटली पाहिजे. पूडच घ्यावी लागली, तर आधी पावशेर आणून घरी पुढील चाचण्या कराव्यात.

पहिली चाचणी पाण्याची. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात चमचाभर पूड ढवळावी आणि पेला रात्रभर हलवू नये. सकाळी वरचे पाणी नितळ दिसले तर माल चांगला. पाणी थोडे गढूळ असेल तरी हरकत नाही, कारण चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण तरंगत राहतात. पण पाणी पारदर्शक असूनही त्याला गुलाबी किंवा लालसर छटा आली असेल, तर पुडीत विरघळणारा कृत्रिम रंग घातलेला आहे आणि तो उन्हात उडणार आहे. त्याच पेल्याचा तळ बाजूने पाहावा. सर्वांत खाली रवाळ, वेगळ्या छटेचा थर दिसला तर ती वाळू किंवा विटांचा चुरा असतो. बोटाच्या पेराएवढ्या गाळात त्याची बारीकशी रेघ चालेल. निम्मा गाळ तसाच असेल तर पैसे वाळूचे दिले असे समजावे.

दुसरी चाचणी फक्त चुन्यात गेरू मिसळणाऱ्यांसाठी आहे. चुन्याच्या निवळीत चिमूटभर पूड टाकून एक दिवस ठेवावी. लोहाच्या ऑक्साइडवर चुन्याचा परिणाम होत नाही, परंतु अनेक कृत्रिम रंग त्यात फिके पडतात किंवा छटा बदलतात.

*तपासणी :* संपूर्ण कामाला लागेल एवढा गेरू एकाच वेळी, एकाच पोत्यातून घेतला आहे ना? खाणीगणिक छटा बदलते. निम्म्या वृंदावनानंतर आणलेला दुसरा पुडा कितीही जुळवला तरी वेगळा दिसतो.

टप्पा ३ : भिजवणे, गाळणे आणि निवळणे

सर्वाधिक टाळाटाळ याच टप्प्यावर होते आणि माझ्या मते निम्मी कामे येथेच बिघडतात. कोरडी पूड पाण्यात टाकली की तिच्या गोळ्या होतात, गोळ्यांच्या पोटात कोरडी धूळ राहते आणि कुंच्याखाली गोळी फुटली की भिंतीवर गडद फराटा उमटतो. पुडीतील वाळू वेगळीच अडचण करते. वाळूच्या कणाला बाइंडर धरून ठेवू शकत नाही. तो कण निखळतो आणि आजूबाजूचा थर घेऊन पडतो.

ढेकळांचा रंग फारच पिवळट असेल, तर ती भिजवण्यापूर्वी पूर्ण वाळवून, फोडून, लोखंडी तव्यावर परतून घेता येतात. पिवळ्या मातीतील लोहसंयुगात पाणी बांधलेले असते. ते उष्णतेने निघून गेले की माती तांबडी होते. ढेकूळ आतून ओले असेल तर ते तडकून उडते, म्हणून हे काम झाकण हाताशी ठेवून, मोकळ्या जागेत आणि मंद आचेवर करावे.

एक किलो गेरूसाठी पुढीलप्रमाणे करावे.

१. ढेकळे कापडात गुंडाळून हातोडीने हरभऱ्याएवढी फोडावीत. तोंडावर मास्क किंवा पंचा बांधावा, कारण ही धूळ छातीत जाणे बरे नाही.

२. बादलीत दोन लिटर पाणी घेऊन तुकडे त्यात रात्रभर भिजत ठेवावेत. पूड असली तरी ती पाण्यावर हळूहळू भुरभुरावी आणि तिला आपोआप बुडू द्यावे. लगेच ढवळू नये.

३. सकाळी हाताने चुरून सर्व गाठी मोडाव्यात. मग आणखी चार लिटर पाणी घालून जोरात ढवळावे आणि साधारण एक मिनिट थांबावे.

४. या मिनिटात वाळू तळाशी बसते आणि गेरू अजून तरंगत असतो. वरचे तांबडे पाणी मलमलीच्या दुहेरी कापडातून दुसऱ्या बादलीत ओतावे. तळातील खरखरीत गाळ मागेच राहू द्यावा. त्यात पुन्हा पाणी घालून हीच क्रिया करावी. दुसऱ्या खेपेला बरेच काही निघते, तिसऱ्या खेपेची सहसा गरज पडत नाही.

५. गाळलेले पाणी झाकून किमान एक दिवस स्थिर ठेवावे. वर आलेली निवळी बादली न हलवता, पेल्याने किंवा बारीक नळीने काढून टाकावी. तिच्याबरोबर विरघळणारे क्षारही जातात, आणि पुढे थरावर पांढरी बुरशी आल्यासारखे जे दिसते ते बरेचसे याच क्षारांमुळे असते.

तळाशी उरतो तो गुळगुळीत, घट्टसर लगदा. पुढील सर्व मिश्रणे याच लगद्यापासून करावयाची आहेत.

*तपासणी :* लगद्याचा थेंब दोन नखांच्या मध्ये घासावा. कर्र असा आवाज किंवा खरखर जाणवली तर पुन्हा गाळावे. काचेवर बोटाने ओढल्यास रेघेत ओरखडे दिसू नयेत.

टप्पा ४ : पृष्ठभागाची तयारी

कुंड्यांचे बाहेरील अंग कोरड्या काथ्याच्या ब्रशने घासावे. वापरलेल्या कुंडीवर पाण्यातील क्षारांचे पांढरे चट्टे असतात. ते घासून, पाण्यात थोडे व्हिनेगर घालून पुसून घ्यावेत आणि कुंडी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. कुंडीच्या आतल्या बाजूला गेरू लावू नये. त्याचा काही उपयोग नसतो आणि माती बदलताना सगळा थर मातीत जातो.

सिमेंटच्या वृंदावनावर पूर्वीचा ऑइलपेंट असेल तर तो पत्र्याने किंवा पटाशीने खरवडावा आणि जाड घासकागदाने उरलेली चमक काढावी. हे कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. जुना गेरू असेल तर सुक्या ब्रशने जेवढा निघेल तेवढा काढून उरलेला ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. नवा गिलावा पूर्ण वाळू द्यावा; तो ओला असताना त्यातून बाहेर येणारे क्षार वरचा थर ढकलून देतात. भिंतीच्या पायथ्याशी लोणा धरला असेल, तर ओल कोठून येते ते शोधल्याशिवाय तेथे कोणताही रंग टिकणार नाही.

मातीच्या भिंतीवरील भेगा आधी माती-भुशाच्या काल्याने बुजवून शेणमातीने सारवून घ्याव्यात आणि सारवण पूर्ण सुकू द्यावे. ओल्या सारवणावर गेरू लावला तर दोन्हींचे आकुंचन एकदम होते आणि बारीक भेगांचे जाळे उमटते.

गेरू लावण्याच्या ऐन आधी, पृष्ठभाग सिमेंटचा, मातीचा किंवा कुंडीचा कोणताही असो, त्यावर हलके पाणी शिंपडावे. तहानलेली भिंत मिश्रणातील पाणी क्षणात ओढून घेते. पाण्याबरोबर बाइंडरही आत जातो आणि वर नुसती पूड राहते. हाताला लागणाऱ्या गेरूचे हे सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. पृष्ठभाग दमट हवा, त्यावर पाणी ओघळताना दिसू नये.

टप्पा ५ : बाइंडर मिसळणे आणि नमुना लावून पाहणे

बाइंडर नेहमी घट्ट लगद्यात मिसळावा आणि नंतर पाण्याने पातळ करावे. पातळ केलेल्या गेरूत वरून डिंक ओतला, तर तो सर्वत्र सारखा पसरत नाही. खालील प्रमाणे एक किलो कोरड्या गेरूपासून तयार झालेल्या लगद्यासाठी आहेत. ती सुरुवात म्हणून घ्यावीत, कारण प्रत्येक गेरूत चिकणमातीचे प्रमाण वेगळे असते आणि अंतिम निर्णय नमुन्यानेच होतो.

*डिंक :* घरातील मातीची भिंत, वारली चित्राची पार्श्वभूमी, कापड किंवा पुठ्ठा यांसाठी. बाभळीचा ८० ते १०० ग्रॅम डिंक ३०० मिलिलिटर कोमट पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून घालावा. हे मिश्रण दोन दिवसांत संपवावे, नंतर त्याला वास येतो.

*खळ :* अंगणातील सारवणावर, सणापुरत्या कामासाठी. दोन चमचे मैदा किंवा तांदळाचे पीठ थंड पाण्यात कालवून, शिजवून, गार करून घालावे. स्वस्त आणि सोपी, परंतु मुंग्या आणि झुरळे तिच्यावर येतात.

*फेव्हिकॉल :* पाऊस न लागणाऱ्या जागेतील कुंड्या आणि शोभेच्या वस्तूंसाठी १५० ते २०० ग्रॅम, तेवढ्याच पाण्यात आधी विरघळवून. सुतारकामाचा साधा पांढरा गोंद सतत ओला राहिला की मऊ पडतो, हे लक्षात ठेवावे.

*अ‍ॅक्रिलिक बाइंडर :* वृंदावन, ओटा, बाहेरील कुंड्यांसाठी २५० ते ३०० ग्रॅम. हार्डवेअरच्या किंवा रंगाच्या दुकानात मिळतो. याहून जास्त घातला की गेरूचा तो कोरडा, मातकट पोत जातो आणि वृंदावन प्लास्टिकच्या बादलीसारखे चमकू लागते. ज्यांना तेच हवे आहे त्यांनी एवढा खटाटोप न करता तयार रंगाचा डबा आणावा.

*जवसाचे तेल :* लाकडासाठी. येथे पाण्याचा लगदा चालत नाही. तो पूर्ण वाळवून, पुन्हा कुटून, वस्त्रगाळ करून तेलात थोडा थोडा घोटावा. थर वाळायला काही दिवस लागतात.

*सावधान :* जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि अशी बोळा केलेली फडकी आपोआप पेटू शकतात. ती पाण्यात भिजवावीत किंवा मोकळी पसरून वाळवावीत.

बाइंडर मिसळल्यावर स्वच्छ पाणी थोडे थोडे घालत मिश्रण सैल करावे. पळी बुडवून बाहेर काढल्यावर तिच्या पाठीवर पातळ थर राहावा आणि त्यावर बोटाने ओढलेली रेघ लगेच बुजू नये, इतका त्याचा दाटपणा असावा.

आता एका आड बाजूला हातभर जागेवर नमुना लावून तो पूर्ण वाळू द्यावा. मग त्याची तीन प्रकारे परीक्षा करावी. कोरडा तळहात दाबून घासला असता किंचित छटा येणे ठीक आहे. तळवा तांबडा झाला तर बाइंडर कमी पडला. ओल्या बोटाने एकदाच पुसले असता डिंकाच्या कामात बोटाला थोडा रंग लागतो, अ‍ॅक्रिलिकच्या कामात लागू नये. शेवटी नखाने हलका ओरखडा काढावा. पूड पडली तर बाइंडर वाढवावा. पापुद्रा सुटून वर वळला तर मिश्रणात डिंक किंवा फेव्हिकॉल जास्त आहे किंवा थर जाड झाला आहे; अशा वेळी बाइंडर न घातलेला लगदा आणखी मिसळावा. म्हणूनच लगद्याचा पाव हिस्सा सुरुवातीला बाजूला काढून ठेवावा.

छटेचा निर्णयही वाळलेल्या नमुन्यावरूनच करावा. ओला गेरू नेहमीच गडद दिसतो आणि वाळल्यावर बराच फिका होतो. ओल्या रंगाला भुलून त्यात काळे-लाल काही मिसळणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी पश्चात्ताप होतो.

टप्पा ६ : पहिला आणि दुसरा हात

काम सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात करावे. दुपारच्या उन्हात थराचा वरचा भाग आधी वाळतो, खालचा ओला राहतो आणि तडे जातात. पावसाळी हवेत तर हे काम काढूच नये.

मोठ्या पृष्ठभागासाठी काथ्याचा रुंद कुंचा आणि कुंडीसाठी दोन इंची ब्रश घ्यावा. जमिनीवर सुती फडक्याचे पोतेरे सर्वांत चांगले. पहिला हात मुद्दाम पातळ असावा, इतका की खालचा पृष्ठभाग डोकावत राहील. येथे घाई करून एकाच जाड थरात काम उरकण्याचा मोह होतो आणि त्याचेच पुढे पापुद्रे होतात. मिश्रण दर पाच-दहा मिनिटांनी तळापासून ढवळावे, कारण गेरू जड असल्याने खाली बसतो. न ढवळलेल्या बादलीतून सुरुवातीला फिका आणि शेवटी गडद रंग येतो. उभ्या भिंतीवर वरून खाली यावे आणि ओली कड सुकण्याआधी पुढचा पट्टा तिला भिडवावा.

पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा. तो आडवा दिल्यास कुंच्याच्या रेघा मिटतात. दुसरा हात देताना एका जागी दोनदा-तीनदा कुंचा फिरवू नये. डिंकाचा पहिला थर पाण्याने पुन्हा सैल होतो आणि जास्त घासले की तो कुंच्याबरोबर उचलला जाऊन तेथे फिका डाग पडतो. कोठे राहून गेले असे वाटले तरी वाळेपर्यंत हात आवरावा.

कुंड्यांना पाणी घालण्यापूर्वी दोन दिवस जाऊ द्यावेत. वृंदावनाच्या बाबतीत तुळशीला पाणी घालणे थांबवता येत नाही, तेव्हा पाणी तांब्याने ओतण्याऐवजी मुळाशी सावकाश घालावे.

झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे देणाऱ्यांसाठी एवढेच की नुसत्या गेरूने कीड मरत नाही. त्यात कीडनाशक मिसळावयाचे असेल तर प्रमाण कृषी विद्यापीठाच्या त्या पिकाच्या शिफारशीतूनच घ्यावे.

टप्पा ७ : गेरूवर पांढरी रेघ

कोरड्या रांगोळीसाठी गेरूची जमीन हाताला गार लागू नये इतकी वाळलेली असावी. ओल शिल्लक असेल तर रांगोळीची भुकटी ती शोषते आणि तिच्याबरोबर गेरूचे कण वर चढतात. गुलाबी पडणारी रेघ ती हीच.

वारली पद्धतीच्या चित्रात पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा, पाणी आणि डिंक घालून केलेला, म्हणजे ओलाच असतो. त्यामुळे पार्श्वभूमीचा गेरू ओल्या बोटाच्या परीक्षेत चांगला उतरला पाहिजे. रेघ एकाच ओढीत काढावी. त्याच रेघेवरून काडी पुन्हा फिरवली की खालचा गेरू पांढऱ्यात मिसळतो, आणि एकदा मिसळलेला तो वरून कितीही पांढरा दिला तरी झाकत नाही. रंग पातळ वाटला तर पहिली रेघ वाळवून मग दुसरी द्यावी. काडी अधूनमधून स्वच्छ पाण्यात धुवावी, तेच पाणी पांढऱ्या रंगात घालू नये.

टप्पा ८ : चुन्याबरोबर काव

हा टप्पा फक्त चुन्याच्या गिलाव्याची भिंत असणाऱ्यांसाठी आहे, आणि येथे नियम बदलतात. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो आणि त्या क्रियेत गेरूचे कण आपल्यात बंदिस्त करतो. म्हणून डिंक, फेव्हिकॉल काहीही घालायचे नसते.

चुन्याच्या सफेदीत गेरू मिसळावयाचा असेल तर तो कोरड्या चुन्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्यापुढे नेऊ नये. त्यापुढे चुना कमी पडतो आणि रंग हाताला लागू लागतो. या प्रमाणात मिळणारा रंग फिकट विटकरी-गुलाबी असतो. गडद तांबडा हवा म्हणून गेरू दुप्पट करणे ही नेहमीची चूक आहे. गडद रंगासाठी भिंतीला चुन्याचा ताजा, बारीक थर द्यावा आणि तो घट्ट होत असताना, पण अजून ओला असताना, चुन्याच्या निवळीत कालवलेला गेरू त्यावर पातळ लावावा. चुना वाळताना रंगाला धरतो. थर कोरडा झाल्यावर लावलेला गेरू मात्र नुसता वर बसतो.

गोव्यात, तळकोकणात आणि कारवारच्या किनाऱ्यावर देवळांच्या भिंतींवर दिसणारे कावी काम याच गुणावर उभे आहे. गोव्यात मोरजीच्या मोरजाई मंदिरात ते पाहता येते. तेथे चुना आणि धुतलेली वाळू गुळाच्या पाण्यात मुरवून, कुटून पांढरा थर देतात, त्यावर काव मिसळलेला चुन्याचा पातळ तांबडा थर चढवतात, आणि तो ओलसर असतानाच टोकदार हत्याराने कोरून खालचा पांढरा उघडा करतात. नंतर गुळगुळीत गोट्याने घोटून पृष्ठभाग दाबून घेतात. पूर्ण भिंतीचे काम अनुभवी कारागिराशिवाय अंगावर घेऊ नये. पण फूटभर कौलाच्या तुकड्यावर सराव करून पाहता येतो, आणि तेथे एकच गोष्ट सांभाळायची असते : कोरण्याची वेळ. बोट टेकवल्यावर ठसा उमटतो पण बोटाला रंग लागत नाही, तेव्हा कोरायला घ्यावे. आधी कोरले तर कडा ढासळतात, उशीर झाला तर त्या फुटून दातेरी होतात. वर्तुळे कंपासने आखावीत आणि कोरताना निघालेला तांबडा चुरा लगेच मऊ ब्रशने झटकावा, नाहीतर तो पांढऱ्यात दबून राहतो.

*सावधान :* कळीचा चुना विरताना पाणी उकळू लागते. प्लास्टिकची बादली वापरू नये, लोखंडी पिंप घ्यावे. चुन्यात पाणी न ओतता पाण्यात चुना थोडा थोडा टाकावा. डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी मोजे घालावेत आणि मुलांना दूर ठेवावे. डोळ्यात चुना उडाल्यास बराच वेळ स्वच्छ पाण्याने धुऊन तत्काळ डॉक्टरकडे जावे.

चुन्याचे काम पुढील काही दिवस थेट उन्हापासून झाकून ठेवावे आणि त्यावर अधूनमधून पाण्याचा बारीक फवारा मारावा. एकदम वाळलेला चुना दगड होत नाही, त्याची पूड होते.

डागडुजी आणि उरलेला गेरू

निघालेल्या जागेवर थेट नवा हात देऊ नये. सैल झालेली पूड ब्रशने काढून, कडा ओल्या फडक्याने पुसून, तेवढाच भाग दमट करून पातळ हात द्यावा. ठिपक्याएवढी दुरुस्ती नेहमी वेगळी दिसते. म्हणून वृंदावनाची एक अख्खी बाजू किंवा कुंडीचा पूर्ण घेर पुन्हा रंगवणे बरे. एक वर्षाआड केवळ एक पातळ हात पुरतो. दरवर्षी जुन्यावर नवा थर चढवत गेल्यास सगळे थर एकदम सुटतात.

बाइंडर मिसळलेला गेरू ठेवून उपयोग नाही. तो नाल्यात न ओतता बादलीत वाळू द्यावा आणि वाळलेली खपली कचऱ्यात टाकावी. सिंकमध्ये ओतल्यास पाइपच्या वळणात गाळ बसतो. बाइंडर न घातलेला लगदा मात्र थाळीत पसरून, वड्या पाडून, कडक वाळवून डब्यात ठेवला की वर्षानुवर्षे खराब होत नाही. डब्यावर खरेदीचे दुकान आणि वर्ष लिहून ठेवावे, म्हणजे पुढल्या खेपेला छटा जुळवणे सोपे जाते.